दिवा बदलला, डोळ्यांचे काय?

(मोहाडी येथे हातमाग विणकरांसाठी योजलेल्या नेत्रतपासणी शिबिराच्या पूर्वसंध्येला केलेले भाषण)



माता चौंडेश्वरीच्या गावात डोळ्यांविषयी बोलण्यासाठी मला बोलावले, हे आयोजकांचे औदार्यच म्हटले पाहिजे. मी वैद्यक शिकलेलो नाही आणि विद्युतशास्त्र तर त्याहून नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि उभे आयुष्य वर्तमानपत्राच्या टेबलावर काढले. उद्या सकाळी या मंडपात नेत्रतज्ज्ञ बसणार आहेत. डोळ्यांच्या आत काय चालते ते ते सांगतील. मी डोळ्यांच्या बाहेरच्या एका गोष्टीबद्दल, म्हणजे तुमच्या मागावर लटकणाऱ्या दिव्याबद्दल बोलणार आहे.

कोशाचे अतिशय तलम वस्त्र ज्या गावात विणले जाते, त्या गावाचे नाव आंधळगाव असावे, हा योगायोग इकडच्या माणसांना हसून सांगायला आवडतो. परंतु गेल्या महिन्यात मी याच परिसरात एका विणकराच्या घरी गेलो, तेव्हा त्या विनोदाला हसणे मला जमले नाही. गृहस्थांचे वय बावन्न. वडिलांकडून आलेला खड्डामाग. मागावर करवती किनारीची साडी चढलेली. साडीच्या अंगाला कोशाचा नैसर्गिक मधासारखा रंग, किनारीला करवतीचे दाते. ही किनार तीन धोट्यांनी विणतात. अंगाचा बाणा आणि किनारीचा बाणा एकमेकांत अडकवत पुढे जावे लागते. एक दाता चुकला की पुढची ओळच बिघडते. करवत काटी या वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते वस्त्र ज्यांच्या हातून उतरते त्यांपैकी एक हे गृहस्थ. मला म्हणाले, "उजेड तं लय हाये भाऊ, पण धागा दिसत नाही."

घरात पूर्वी पिवळा साठ वॅटचा बल्ब होता. आता नऊ वॅटचा पांढरा एलईडी आहे. खोली पूर्वीपेक्षा लख्ख दिसते, आणि तरीही ताण्यातला तुटलेला धागा सापडायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी डोके धरते. "या नव्या दिव्यानं डोळे खाल्ले," असे त्यांचे ठाम मत. घरात चर्चा अशी चाललेली, की माग मोडून टाकावा आणि भंडाऱ्याला कुठेतरी रखवालदारी धरावी.

त्यांच्या या वाक्याने मी थोडा चमकलो, कारण मीही तेच म्हणत होतो. काही वर्षांपूर्वी मी काम करीत असलेल्या कचेरीत जुन्या ट्यूबलाईट काढून छतात पांढरे चौकोनी एलईडी दिवे बसवले. महिनाभरात माझे डोके दुखू लागले. मुद्रिते तपासताना काना आणि मात्रा एकमेकांवर चढलेल्या दिसत. मी नव्या दिव्यांविरुद्ध बरीच तक्रार केली. शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, भिंगे बदलली आणि म्हणाले, "दिवे नंतर पाहू, आधी तुमचा नंबर पाहू. तो तीन वर्षांपूर्वीचाच आहे." मला ओशाळल्यासारखे झाले. नवा चष्मा आल्यावर निम्मा त्रास गेला. निम्मा राहिला, आणि त्या उरलेल्या निम्म्याला मात्र दिवाच कारणीभूत होता. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे.

आधी या दिव्याचा मान त्याला देऊ या. लाल आणि हिरवे एलईडी फार पूर्वीपासून होते. निळा जमत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा होत नव्हता. तो साधला जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडी आतून निळाच असतो. त्या निळ्या कणावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसते. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

५ जानेवारी २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एलईडी वितरणाची राष्ट्रीय योजना सुरू केली. तिलाच पुढे उजाला हे नाव मिळाले. सरकारी खरेदीत २०१४ साली एका बल्बला तीनशे रुपयांहून अधिक पडत. मोठ्या प्रमाणावरील खरेदीमुळे दोन-तीन वर्षांत तो भाव चाळीस रुपयांच्या आसपास आला. छत्तीस कोटींहून अधिक बल्ब या योजनेत वाटले गेले. गरिबाच्या घरचे वीजबिल उतरवणारी अशी योजना क्वचितच होते, आणि तिचे कौतुक करताना मी हात आखडता घेणार नाही. तथापि एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपण बल्ब मोजले, वाचलेले वॅट मोजले. विणकराच्या धाग्यावर किती प्रकाश पडतो, हे मात्र कोणी मोजले नाही. ते मोजणे वीज खात्याचे काम नव्हते, हे खरे. मग ते कोणाचे होते?

१९४८ च्या कारखाना कायद्यात सतराव्या कलमाने कामाच्या जागी पुरेसा व योग्य प्रकाश असावा, डोळ्यांवर ताण येईल अशी चकाकी वा सावली असू नये, असे बंधन मालकावर घातले होते. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही प्रकाशाची जबाबदारी मालकावरच आहे. वरठीच्या पोलाद कारखान्यातला कामगार या कक्षेत येतो. पण ज्याचा माग स्वतःच्या माजघरात आहे, त्याच्या दारात कोणता निरीक्षक येणार? २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात पस्तीस लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत, आणि त्यांत सुमारे बहात्तर टक्के महिला. यांतील बहुतेकांचे घर हाच कारखाना. तिथे मालकही आपण, कामगारही आपण आणि निरीक्षकही आपणच.

म्हणून त्या गृहस्थांच्या घरी मी निरीक्षक झालो. तपासणी तासाभराची होती. त्या तासात जे सापडले ते तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तेच असण्याचा संभव आहे.

पहिली गोष्ट दिव्याच्या जागेची. जुना बल्ब कुठे होता, असे मी विचारले. तो वायरला लोंबकळत, पत्र्याच्या टोपीखाली, थेट मागावर होता. दोन वर्षांपूर्वी घराचे वायरिंग नवे केले, तेव्हा होल्डर समोरच्या भिंतीवर उंच बसवला. पाहुण्यांना खोली छान दिसावी म्हणून! आता गणित पाहा. जुना साठ वॅटचा बल्ब सुमारे सातशे ल्युमेन प्रकाश देई. नवा नऊ वॅटचा सुमारे नऊशे देतो. म्हणजे नवा दिवा दुबळा नाही, सरसच आहे. परंतु प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होत जातो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, चौपट झाले की सोळावा हिस्सा उरतो. नऊ वॅटचा हा दिवा दोन मीटरवर असेल, तर कापडावर जेमतेम तीस-चाळीस लक्स पडतात. तोच अर्ध्या मीटरवर आणला तर पाचशेच्या घरात जातात. युरोपातील मानक विणकामाला पाचशे लक्स मागते आणि कापडाचा रंग तपासायला एक हजार. म्हणजे तुम्हाला मोठा दिवा नको आहे. आहे तोच दिवा खाली आणायचा आहे. भर दुपारी आंब्याच्या सावलीत दहा हजार लक्स असतात, हे कळले की आपले डोळे रात्री किती थोडक्यात भागवतात याची कल्पना येईल.

दिवा खाली आणताना एक पथ्य आहे. जुन्या पिवळ्या बल्बकडे पाहिले तर डोळे दिपत, पण एलईडीचे तेज त्याहून लहान जागेत साठलेले असते. तो डोळ्यांसमोर उघडा असेल, तर बाहुली आकसते आणि त्याच क्षणी कोशाचा तपकिरी धागा अंधारात बुडतो. त्या गृहस्थांचे नेमके तेच होत होते. समोरच्या भिंतीवरचा उघडा बल्ब आणि खाली खड्ड्यात बसलेले ते. त्यांची नजर धाग्यावर, आणि धाग्याच्या मागे डोळ्यांत घुसणारा दिवा. खोली लख्ख होती, माग काळोखात होता. दिव्याला टोपी हवी, आणि तो बसणाऱ्याच्या कपाळाच्या रेषेच्या वर, किंचित बाजूला हवा. बाजूने तिरका उजेड आला की उचललेल्या धाग्याची बारीक सावली पडते आणि तुटलेला धागा आपोआप नजरेत भरतो. कोशाला स्वतःची चमक असते. दिवा अगदी समोर असेल तर ती चमकच उलटून डोळ्यांत येते.

हे शहाणपण नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांचे जुने फोटो पाहा. मागखात्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असत. त्या दात्यांची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेचा उजेड मऊ, दिवसभर सारखा, सूर्य डोळ्यांवर न येणारा. म्हणजे इकडे किनारीवर करवत आणि तिकडे छपरावर करवत, आणि दोन्ही विणकामासाठीच! आपल्या जुन्या घरांतही माग खिडकीशी किंवा ओसरीवर असे, तो का, हे आता उमगावे. पक्के घर बांधताना आपण ती खिडकीच बुजवून टाकली. तिच्या जागी आता लोखंडी कपाट उभे असते.

इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी औद्योगिक थकव्याचा अभ्यास करणारे एक सरकारी मंडळ होते. १९२० साली त्याने हिवाळ्यातल्या रेशीम विणकामावर अहवाल काढला आणि १९२२ साली तलम लिननच्या विणकामावर. कृत्रिम दिव्याखाली तेच हात, त्याच मागावर, दिवसाच्या उजेडापेक्षा कमी कापड विणतात, असे त्यांना दिसले. लिननचा अभ्यास करणारे वेस्टन यांनी १९४५ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. उजेड वाढवला की काम सुधारते, पण पुढे पुढे सुधारणा मंदावत जाते. आणि वस्तू बारीक असेल व पार्श्वभूमीशी मिळतीजुळती असेल, तर कितीही उजेड ओतला तरी ती ठळक वस्तूइतकी सोपी होत नाही. तपकिरी कोशाचा धागा आणि त्याखाली शेणाने सारवलेली तपकिरी जमीन, हे त्याचे चोख उदाहरण. यावरचा उपाय विजेचा नाहीच. ताण्याखाली पांढरे धोतर अंथरा. आम्ही त्या घरी धुतलेले जुने पांढरे धोतर अंथरले आणि दोन तुटलेले धागे बसल्या जागी सापडले. गृहिणी म्हणाल्या, "हे तं आजी करत होत्या." करत होत्याच. मधल्या काळात ते कोणी बंद केले, ते त्यांनाही सांगता येईना.

दुसरी गोष्ट खुद्द दिव्याची, आणि इथे त्या गृहस्थांची तक्रार खरी ठरली. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे. त्यामुळे दिव्यातला प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होऊ पाहतो. जुन्या बल्बची तार तापलेली असे, मधल्या क्षणात ती थंड व्हायला वेळच मिळत नसे, म्हणून उजेड फारसा हलत नसे. एलईडी मात्र वीज घटली की तत्क्षणी मंदावतो. चांगल्या दिव्याच्या आत ही चढउतार सपाट करणारी योजना असते. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी ती गाळलेली असेल, तर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मेंदूला चुकत नाही. १९८९ साली इंग्लंडमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचेरीतल्या ट्यूबलाईटची लुकलुक काढून टाकणारी यंत्रणा बसवली, तेव्हा डोकेदुखीचे आणि डोळे शिणण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. कर्मचाऱ्यांना काय बदलले ते सांगितलेही नव्हते. माझे उरलेले निम्मे दुखणे कुठून आले होते, ते मला हे वाचल्यावर समजले.

ही परीक्षा घरी करता येते. मोबाईलचा कॅमेरा संथ चित्रणावर ठेवून दिव्याकडे धरा. पडद्यावर दिवा धडधडताना वा काळे पट्टे सरकताना दिसले, तर दिवा लुकलुकतो. मोबाईल नसेल तर पेन बोटांत धरून दिव्याखाली जोरात हलवा. सरळ धूसर पट्टा दिसला तर ठीक. एकाची दहा पेने, पंख्याच्या पात्यांसारखी सुटी सुटी दिसली तर दिवा वाईट. त्या घरच्या दिव्याखाली धावता धोटाच सुटा सुटा दिसत होता. तो बल्ब बाजारात टोपलीतून घेतलेला, वीस रुपयांचा, त्यावर ना नाव ना गाव. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी एलईडी बल्बला सक्तीची आहे. खोक्यावर मानकाचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच दिवा घ्या. यंत्रमागावर किंवा लेथवर काम करणाऱ्यांनी तर हे अधिकच पाळावे. लुकलुकत्या दिव्याखाली फिरते यंत्र थांबल्यासारखे दिसू शकते, आणि थांबले असे वाटून कोणी त्यात हात घातला, तर पुढे काय होईल ते मी सांगायला नको.

रंगाचेही एक आहे. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर आणि गडद लाल तोकडा असतो. त्याखाली कोशाचा मधासारखा रंग फिका, थोडा मेलेला दिसतो. रात्री त्या उजेडात दोन लडींचा रंग जुळला म्हणून विणले आणि दिवसा अंगणात साडी उलगडली, तर पदराचा रंग वेगळाच. व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो. तेव्हा रंग जुळवण्याचे काम रात्री नकोच. करायचेच असेल तर रंगदर्शनांक नव्वद वा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा. तो खोक्यावर सीआरआय या नावाने छापलेला असतो. दिवा थोडा महाग पडेल, पण एका नाकारलेल्या साडीच्या मानाने तो काहीच नाही.

आता निळ्याच्या भीतीविषयी. शहरांतून आलेल्या जाहिराती सांगतात, की एलईडीच्या निळ्या किरणांनी डोळ्यांचा पडदा जळतो, म्हणून आमचा निळा-रोधक चष्मा घ्या. मध्यमवर्गीय घरांत मुलांसाठी असे चष्मे सर्रास घेतले जात आहेत. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ साली सगळा पुरावा तपासला. नेहमीच्या वापरातील एलईडी दिव्यांमुळे सर्वसामान्य निरोगी माणसाला थेट अपाय होतो, असा पुरावा तिला आढळला नाही. त्या चष्म्यांचेही तेच. २०२३ साली सतरा चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. साध्या भिंगांच्या तुलनेत निळ्या-रोधक भिंगांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे काही त्यात दिसले नाही. पैसे उरले असतील तर ते पांढऱ्या धोतराला लावा. एक गोष्ट मात्र खरी आहे. रात्री उशिरापर्यंत निळसर प्रखर उजेडात बसल्याने शरीराचे घड्याळ पुढे ढकलले जाते आणि झोप उडते. सणासुदीच्या मागणीसाठी तुम्ही रात्री अकरा-बारापर्यंत विणता. तेवढ्यासाठी पिवळसर छटेचा, खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला दिवा बरा. ६५०० लिहिलेला निळसर असतो. आपल्याकडे तोच जास्त खपतो, कारण दुकानात तो अधिक 'पावरफुल' दिसतो!

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग जुना बल्बच बरा होता. नाही. इथून उत्तरेला, तुमसर तालुक्यात चिखल्याला मँगनीजची भूमिगत खाण आहे. खाणकामगाराच्या डोळ्यांचा इतिहास वाचला की अंधाराची किंमत कळते. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनच्या कोळसा खाणींत हजारो कामगारांची बुबुळे सतत थरथरत असत, इतकी की पुढे त्यांना काम सोडावे लागे. तपासाअंती कारण निघाले ते अत्यंत मंद दिव्याखाली वर्षानुवर्षे करावे लागलेले काम. आज टोपीवरच्या हलक्या एलईडी दिव्याने खाणकामगाराच्या, विशेषतः वयस्क कामगाराच्या, नजरेला पायाखालचा धोका लवकर दिसतो. दिवा चांगलाच आहे. तो कुठे लावला आणि कसला घेतला, यावर सारे आहे.

आणि तिसरी गोष्ट. हिच्यासाठीच मी मुळात आलो आहे.

दिवा खाली आणला, टोपी घातली, चांगला बल्ब लावला, पांढरे धोतर अंथरले. गृहस्थांना दिसू लागले, पण मान वाकवून, डोळे बारीक करून. मी विचारले, चष्मा? ते म्हणाले, "चाळिशी? ते मास्तर लोकांचं काम." आपल्या भाषेत या चष्म्याला 'चाळिशी' असे सरळ वयाचेच नाव आहे. तरीही चाळिशी येऊन बारा वर्षे झाली आणि तो घेतला नाही, कारण तो वाचणाऱ्यांचा अलंकार मानला गेला. वस्तुतः विणकराला त्याची गरज माझ्यासारख्या पत्रकारापेक्षा जास्त आहे. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. ते पिवळसरही होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या मुलाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे बापलेक एकाच दिव्याखाली शेजारी बसले, तरी बाप काळोखात बसलेला असतो.

याचा मजुरीवर काय परिणाम होतो, हे आपल्याच देशात मोजले गेले आहे. आसामच्या चहामळ्यात चाळीस वर्षांवरील साडेसातशे मजुरांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांना जवळचा साधा चष्मा दिला, त्यांची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे बावीस टक्क्यांनी अधिक वाढली. पन्नाशी ओलांडलेल्यांची तर तीस टक्क्यांहून अधिक. बांगलादेशात कारागीर, शिंपी अशा लोकांना चष्मे दिले, तेव्हा आठ महिन्यांत त्यांचे उत्पन्न एक तृतीयांशाने वाढले. हा अभ्यास २०२४ चा. चहाचे पान कोशाच्या धाग्यापेक्षा किती मोठे असते, याचा विचार तुम्हीच करा.

म्हणून माग मोडून रखवालदारी धरण्याचा विचार मला अस्वस्थ करतो. पन्नाशीच्या हातात तीन धोट्यांची किनार असते. ती शिकायला कित्येक वर्षे लागलेली असतात. तो हात बाजूला झाला, की त्याच्याजवळ बसून शिकणारा मुलगाही माग सोडतो. आपण सभांतून हातमागाच्या वारशाविषयी पुष्कळ बोलतो, ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिनही साजरा करतो. पण दीडशे-दोनशे रुपयांच्या चष्म्याअभावी एखादा वारसा खड्ड्यातून उठून चौकीदाराच्या खुर्चीवर जाऊन बसत असेल, तर कार्यकर्ते म्हणून आपण इतकी वर्षे पाहिले तरी काय? शिबिरे आपण घेतो. रक्तदानाची घेतो, मोतीबिंदूचीही घेतो. मागावर जाऊन डोळे आणि दिवा दोन्ही एकत्र पाहिल्याचे मला आठवत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रमात मागासाठी प्रकाशसंच ही बाब समाविष्ट करण्यात आली होती. नागपूरला विणकर सेवा केंद्र आहे. तिथे जाऊन प्रकाशसंचासाठी आज काय मिळू शकते, हे विचारण्याचे काम तरी तरुण कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे.

त्या दिवशी मी माझा चष्मा काढून त्यांना लावून पाहायला दिला. धागा दिसला, म्हणून ते हसले, आणि लगेच कपाळाला आठी पडली. चष्म्यातून नीट दिसण्यासाठी त्यांना कापडावर पार ओणवे व्हावे लागत होते. कारण सरळ आहे. माझा चष्मा कागद वाचण्याचा, म्हणजे सुमारे चाळीस सेंटिमीटरवरचा. त्यांच्या मागावर डोळ्यापासून विणीपर्यंतचे अंतर मी दोरीने मोजले, ते निघाले साठ. चाळीस सेंटिमीटरला लागणारे भिंग साठला जास्त जड होते. शिबिरात तपासताना हातात छापील तक्ता देतात, तो आपण वाचण्याच्या अंतरावर धरतो आणि त्याच अंतराचा नंबर निघतो. तो चष्मा पंचांग वाचायला उत्तम, मागावर मात्र मान मोडणारा. दोन दिवसांत तो खुंटीवर जातो आणि माणूस म्हणतो, चष्म्याने काही होत नाही.

तेव्हा उद्या येण्यापूर्वी एक काम करा. आज रात्री घरी गेल्यावर मागावर नेहमीसारखे बसा, ताठ बसण्याचा आव न आणता. घरातल्या कोणालातरी सुतळीचे एक टोक तुमच्या डोळ्याच्या कडेशी धरायला सांगा आणि दुसरे विणीवर, जिथे धोटा बाणा टाकतो तिथे टेका. तिथे गाठ मारा. ज्या बहिणी कांड्या भरतात किंवा धागा काढतात, त्यांचे अंतर वेगळे येईल, म्हणून त्यांनी आपली वेगळी सुतळी आणावी. सकाळी नऊला डॉक्टर बसतील. त्यांच्याशी मी बोललो आहे. ते तक्ता तुमच्या सुतळीच्या गाठीवर धरतील.